वाइन आंबट लागते? मग जीभ ठीक आहे

प्रश्न फोंड्याहून आला आहे. येत्या डिसेंबरात लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, मुलगा म्हणतो यंदा शॅम्पेनच उघडायची. दोघांनी आजवर वाइन चार-पाचदा चाखली असेल आणि दर वेळी ती 'आंबट' लागली. गोव्याची गोड पोर्ट मात्र आवडते. ताईंनी विचारलंय: तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात आहात, तुम्ही स्वतः घरी काय पिता? शॅम्पेनचा एवढा गाजावाजा खरा का? आणि आम्हाला आंबट लागणार नाही अशी कोणती घ्यावी?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळं तिथेच अडलंय. आंबट नसलेली वाइन मागू नका. तशी मिळते, पण ती पहिल्या घोटाला बरी आणि तिसऱ्या घोटाला कंटाळवाणी. आपण सोलांच्या कढीवर वाढलेली माणसं. आंबाड्याचं सासव चाटून खातो, बिंबलं मिठात बुडवून खातो, हुमणात सोलं कमी पडली तर ताट बाजूला सारतो. ज्या जिभेला एवढा आंबटपणा कळतो तिला वाइन शिकवायला पुस्तक नको. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, पाणी सुटलं की पुढचा घास हवासा वाटतो. जेवणाच्या ताटाशेजारी वाइनचं काम एवढंच.

आता तुम्ही ज्याला आंबट म्हणता ते खरंच आंबट होतं का, हे तपासा. माझ्या अनुभवात दहातले सहा जण तुरटाला आंबट म्हणतात. फरक ओळखायची आपल्याकडची सोपी युक्ती आहे. सोलाचं पाणी प्यायल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं, तो आंबटपणा. काजूचा बोंडू चोखल्यावर हिरड्या ओढल्यासारख्या होतात, घसा धरतो, तो तुरटपणा. लाल वाइनमध्ये द्राक्षाची साल आणि बिया मुरतात, तुरटपणा तिथून येतो. त्यालाच टॅनिन म्हणतात. पांढऱ्या वाइनमध्ये तो जवळजवळ नसतो. तुम्ही चाखलेली वाइन बहुधा लाल असणार, खोलीत तशीच ठेवलेली असणार आणि एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाआधी प्लास्टिकच्या पेल्यात मिळालेली असणार. तशी ती मलाही आवडत नाही.

माझं म्हणाल तर मी डिचोलीकडचा. आजोबांची काजूची बागायत होती आणि मार्च-एप्रिलमध्ये घरामागे भाटी लागायची. दारूचा वास मला लहानपणापासून बोंडवांच्या वासातून माहीत, बाटलीतून नव्हे. तरी आमच्या घरात कुणी चारचौघांत प्यायचं नाही. फेणी कपाटात 'सर्दीचं औषध' म्हणून असायची आणि आजोबांना सर्दी बाराही महिने व्हायची. शेजारच्या किरिस्तांव घरातून नाताळाला कुसवार, म्हणजे सणाचा गोड फराळ, यायचं, त्याबरोबर पोर्टची एक छोटी बाटली. ती माझी पहिली वाइन. गोड, दाट, कफ सिरपच्या भावंडासारखी. मला ती स्वर्गीय वाटली होती, हे आज लपवण्यात अर्थ नाही.

पुढे हॉटेलात लागलो, मग बोटीवर गेलो. गोव्यातली हजारो घरं तारवट्यांच्या पगारावर उभी आहेत, त्यातलंच एक आमचं. बोटीवर मी टेबलावर वाइन ओतणाऱ्यांच्या हाताखाली होतो. शॅम्पेन पहिल्यांदा तिथे प्यालो, म्हणजे एका पाहुण्याने बाटलीत उरवलेली, कोमट, अर्धे बुडबुडे उडालेली. तोंड वाकडं झालं. आमचा वरिष्ठ हसला आणि म्हणाला, उद्या ये. दुसऱ्या दिवशी त्याने तीच वाइन नीट थंड केलेली, तळलेल्या कोळंबीच्या एका तुकड्याबरोबर दिली. तेव्हा काय झालं ते मला शब्दांत आजही नीट सांगता येत नाही. एवढंच कळलं की आधीच्या दिवशी जे आंबट म्हणून थुंकलो होतो, तेच आज तेल कापत होतं. माझी सगळी आवडनिवड त्या कोळंबीपाशी ठरली. आज माझं काम पणजी आणि बार्देशातल्या काही रेस्टॉरंटांच्या वाइनच्या याद्या बनवणं आणि तिथल्या पोरांना शिकवणं, पण प्रत्येक नव्या पोराला मी पहिला धडा कोळंबीचाच देतो.

शॅम्पेनचा गाजावाजा खरा का? कष्टांपुरता खरा. फ्रान्सच्या ईशान्येला, रेंस आणि एपर्ने या गावांच्या आसपासचा तो प्रदेश. तिथल्याच वाइनला ते नाव लावता येतं. जमीन चुनखडीची, हवा थंड, द्राक्ष कशीबशी पिकतात. म्हणून मूळ रस झणझणीत आंबट. शार्दोने, पिनो न्वार आणि मनिए ही तिथली मुख्य द्राक्षं. आधी त्यांची साधी वाइन करतात, मग ती बाटलीत भरून वर थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच लावतात. बाटलीत पुन्हा आंबवण होतं, वायूला बाहेर पडायला वाट नाही, तो वाइनमध्येच विरघळतो. आतला दाब सुमारे ६ वातावरणांइतका होतो, गाडीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट. बाटलीची काच जाड असते ती दिखाव्यासाठी नव्हे.

मेलेलं यीस्ट बाटलीतच राहतं आणि वाइन त्यावर मुरते. साध्या शॅम्पेनला विक्रीआधी किमान १५ महिने आणि एकाच सालच्या द्राक्षांची असेल तर किमान ३६ महिने बाटलीत घालवावे लागतात. या मुरण्यातून तो वास येतो ज्याला इंग्रजीत लोक बिस्किट नि ब्रिओश (लोणी घातलेला फ्रेंच पाव) म्हणतात. मी पोरांना सांगतो, पहाटे पाववाला पोदेर सायकलवरून येतो, टोपलीवरचं फडकं उचलतो आणि उंड्यांची वाफ नाकात जाते, तो वास शोधा. लगेच सापडतो. आपला पाव पूर्वी सुरेने, म्हणजे माडाच्या ताडीने, फुगवायचे, तेव्हा यीस्टचं आणि आपलं नातं फार जुनं.

मग तो गाळ काढायचा कसा, हा मोठा पेच होता. १८०५ साली सत्ताविसाव्या वर्षी विधवा झालेल्या बार्ब-निकोल पोंसार्दां क्लिको या बाईने घरचा धंदा हातात घेतला आणि तिच्याच तळघरात भोकं पाडलेल्या टेबलावर बाटल्या उलट्या खोचून, रोज थोड्या थोड्या फिरवून गाळ मानेत जमा करायची रीत बसली. 'व्हव क्लिको' शॅम्पेनच्या पिवळ्या लेबलावरची 'व्हव' म्हणजे विधवा ती हीच. दों पेरिन्यों या साधूने शॅम्पेन शोधली ही गोष्ट मात्र सोडून द्या. तो १६३८ ते १७१५ या काळात होऊन गेला, वाइनमध्ये मोठं काम केलं, पण त्याच्या काळात बुडबुडे हा दोष होता आणि तो टाळण्याचीच खटपट चालायची.

लेबल वाचताना एका ठिकाणी सगळे फसतात. 'ब्रूट' म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून माणसाला वाटतं ही त्याहून कोरडी, म्हणजे कमी गोड, असेल. प्रत्यक्षात तिच्यात १२ ते १७ ग्रॅम साखर असते, म्हणजे ती ब्रूटपेक्षा गोड. 'देमी-सेक' ३२ ते ५० ग्रॅम, ती गोडाबरोबर घ्यायची. 'ब्रूट नेचर' ३ ग्रॅमच्या खाली. ती पहिल्या दिवशी अजिबात घेऊ नका, नाहीतर माझ्या नावाने बोटं मोडाल.

माझ्या आवडीच्या म्हणाल तर तीन नावं घेईन. रुइनारची 'ब्लाँ द ब्लाँ', म्हणजे निव्वळ शार्दोनेची; हे शॅम्पेन बनवणारं सर्वांत जुनं घर, १७२९ सालचं, आणि त्यांच्या या बाटलीत लिंबाची साल कुस्करल्यासारखी धार असते. दुसरी बोलँजे, तिच्यात पिनो न्वारचा भर असतो, ती जाड अंगाची आहे आणि जेवणासमोर उभी राहते. तिसरी पोल रोजे, दोघींच्या मधली. पैसे माझे असतील तर हीच. त्या साधूच्या नावाची दों पेरिन्यों, क्रिस्टाल वगैरे महागड्या शॅम्पेन मी नोकरीत पुष्कळ उघडल्या. चांगल्याच असतात, पण गोव्यात त्या बहुतेक वेळा लहान वयात, बर्फासारख्या गार करून, कानठळ्या बसवणाऱ्या संगीतात आणि आतषबाजीच्या कांड्या लावून प्यायल्या जातात. अशा वेळी बाटलीत काय आहे याला काहीच महत्त्व उरत नाही. माझ्या खिशातून मी त्या कधी घेतलेल्या नाहीत आणि घेणारही नाही.

घरी मात्र शॅम्पेन वर्षातून दोनदा फार तर तीनदा. बाकी वेळा बुडबुडे नाशिकचे. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क राहिलं, त्यामुळे गोव्यात दारू स्वस्त ही ख्याती बिअर-रमपुरती खरी. शॅम्पेनच्या एका बाटलीत देशी स्पार्कलिंगच्या तीन तरी येतात. आणि देशी म्हणजे काहीतरी तडजोड, असंही नाही. नारायणगावला शाम चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात शॅम्पेनच्याच रीतीने 'ओमर खय्याम' काढली होती आणि ती परदेशात जायची. मराठी माणसाने हे विसरू नये. आज दिंडोरीला शांदों आहे, तिची इथली वाइन २०१३ पासून बाजारात आली, आणि सुलाची ब्रूट आहे. दोन्हींत दुसरं आंबवण बाटलीतच होतं. शेनिन ब्लाँ हे तिथलं मुख्य द्राक्ष, म्हणून चव शॅम्पेनसारखी पावाकडे न झुकता पेरू-सफरचंदाकडे झुकते. माझ्या घरी रविवारी दुपारी सर्वांत जास्त वेळा हीच उघडते.

नाशिकची गंमत वेगळीच आहे. तिथे वेलीला थंडीची झोप मिळत नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असतो तेवढ्या दिवसांतच द्राक्षातला आंबटपणा टिकतो. उन्हाळा लवकर आला की गोडी झपाट्याने वाढते आणि धार जाते. म्हणून मी नाशिकची पांढरी वाइन घेताना साल बघतो आणि ताजी घेतो. दोन वर्षांपेक्षा जुनी सोव्हिनिऑं ब्लाँ दुकानदाराने सवलतीत दिली तरी नको.

आता ज्यावर तुमचा खरा जीव आहे ती पोर्ट. गोव्यात जी 'पोर्ट वाइन' म्हणून मिळते तिला मी हसणाऱ्यांतला नाही. पण खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. त्या खोऱ्याची हद्द १७५६ सालीच आखली गेली. रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाची तीव्र दारू ओततात. यीस्ट मरतं, निम्मी साखर तशीच राहते आणि मद्यार्क १९-२० टक्क्यांवर जातो. त्यातली 'टॉनी' लाकडात मुरते, रंग विटकरी होतो आणि चवीला सुका अंजीर, भाजलेला काजू, थोडा करपलेला गूळ. दहा वर्षांची टॉनी, फ्रिजमधून काढलेली, छोटा पेला आणि बेबिंकाची एक चकती. बेबिंकाच्या थरांवरचा तो जळका गोड वास आणि टॉनीचा वास यांत कुठला कुणाचा ते कळत नाही. माझ्या सगळ्या आवडत्या जोड्यांत ही पहिली. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहते, त्यामुळे महाग वाटली तरी अंगावर येत नाही. तुमची गोडाची आवड सोडू नका, फक्त ती जेवणाच्या शेवटी न्या.

मदेरावर मी तासभर बोलू शकतो, पण ती इथे क्वचित मिळते म्हणून थोडक्यात. पोर्तुगालच्या त्या बेटावरची वाइन पूर्वी पिंपांतून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या गलबतांवर चढायची. विषुववृत्ताच्या उकाड्यात महिनोन्महिने हेलकावत जायची आणि परत गेलेली पिंपं फोडली तर वाइन बिघडण्याऐवजी सुधारलेली. तेव्हापासून तिथे ती मुद्दाम तापवून मुरवतात. म्हणजे जिचं आधीच सगळं काही करपून झालंय अशी वाइन. गोव्यातला मे महिना तिचं काय वाकडं करणार? लिस्बनहून कुणी नातेवाईक यायचा असला की मी एकच निरोप धाडतो: मदेरातली व्हेर्देल्यो आण, आणि डब्यातली सार्डिन नको.

बाकी वाइनचा मात्र गोव्यातला उकाडा हा मोठा वैरी. एका हॉटेलात मी असताना मे महिन्यात शनिवारी रात्री जनरेटर बंद पडला आणि कोठारातला एसी सोमवारपर्यंत सुरू झाला नाही. बुचं वर सरकली, कडांनी चिकट ओघळ आले. व्यवस्थापनाचं म्हणणं, दिसायला ठीक आहेत, विका. विकल्या गेल्या. लोकांनी प्यायल्याही, आणि घरी जाऊन तुमच्यासारखंच म्हणाले असतील, वाइन काही आपल्याला जमत नाही. म्हणून बाटली घेताना दुकान बघा: आत एसी आहे का, काचेच्या शोकेसमध्ये ऊन येतं का. उजेडानेही वाइन बिघडते, उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. क्रिस्टालची बाटली पारदर्शक काचेची म्हणून तिच्याभोवती नारिंगी कागद गुंडाळलेला असतो तो याचसाठी. बुचावरून बोट फिरवून ते वर आलेलं नाही ना पाहा. आणि दोन-तीन महिने आधी आणून फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. आठवड्याआधी आणा, फ्रिजच्या तळच्या फळीवर आडवी ठेवा.

बुचाचा आणखी एक रोग असतो, वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. जुलैत आपल्या कपाटातल्या शालूला जो येतो, तोच. मी एकदा भर पावसाळ्यात एक बाटली दोषी ठरवून परत पाठवली आणि नंतर लक्षात आलं, वास माझ्या जॅकेटचा होता.

रोजच्या जेवणाबरोबर काय, ते सांगतो. आपल्या जेवणात तिखट, आंबट आणि नारळ हे तिघं एकत्र येतात, आणि बाहेरची पुस्तकं इथे फारशी कामाची नाहीत. माझा हिशेब दोनच गोष्टींवर चालतो. मिरचीपुढे मद्यार्क आणि तुरटपणा दोन्ही भडकतात, म्हणून हलकी वाइन घ्यायची. आणि ताटातला आंबटपणा वाइनपेक्षा जास्त झाला तर वाइन पाणी लागते, म्हणून वाइन ताटाहून आंबट हवी.

बांगड्याच्या हुमणाबरोबर मी पोर्तुगालची विन्यु व्हेर्द घेतो. मद्यार्क दहा-अकरा टक्के, जिभेवर किंचित चुरचुर, लिंबाच्या पानासारखी. त्या मुलखातही लोक मासे खातात, फक्त नारळाऐवजी ऑलिव्ह, पण समुद्र एकच. ती नाही मिळाली तर ऑस्ट्रेलियाची कोरडी रीझलिंग, तीही पांढरीच; २०२२ च्या व्यापार करारानंतर तिकडच्या वाइनवरचं शुल्क उतरलं आहे, त्यामुळे नजर ठेवा. जर्मनीतल्या मोझेलची 'काबिनेट' रीझलिंग मिळाली तर तुमच्यासाठी तीच: थोडी गोड, खूप आंबट, मद्यार्क आठ-नऊ टक्के. गोड आणि आंबट एकमेकांना धरून चालतात तेव्हा काय होतं ते तिच्यात कळतं, आपल्या कैरीच्या मेथांब्यासारखं. तिरफळं घातलेल्या कालवणाला मात्र मला अजून मनासारखी जोडी सापडलेली नाही. तिरफळाने जीभ बधिर होते, मग कितीही भारी वाइन असो. त्या दिवशी पाणी.

मुगागाठीला, खतखत्याला, म्हणजे नारळातल्या शाकाहारी कालवणांना, नाशिकची शेनिन ब्लाँ. ती बहुतेक किंचित गोडसर असते आणि नारळाच्या गोडव्याला लागून जाते. सोमवार पाळणाऱ्यांना हे उपयोगी; सोमवारी वाइन चालते का, ते ज्याचं त्याने देवाशी बोलून घ्यावं. तिसऱ्यांच्या सुक्याला सोव्हिनिऑं ब्लाँ. सोलकढी आली की ग्लास बाजूला, दोघींचं पटत नाही आणि सोलकढीला मी कुणासाठीही नाकारणार नाही.

लाल वाइन मी कमी पितो. शाकुतीबरोबर मात्र शिराझच. शाकुतीत भाजलेलं खोबरं, खसखस आणि मिरं असतं. शिराझमध्ये जो मिरीचा वास येतो तो देणारं द्रव्य काळ्या मिरीत असतं तेच, त्याचं नाव रोटंडोन. म्हणजे ही जोडी कविकल्पना नाही, रसायन आहे. मटणाला अकलूजकडची 'सेट्टे' मला आवडते, सांजोव्हेसे आणि काबेर्ने सोव्हिनिऑंची मिळून केलेली, तिच्यात टोमॅटोसारखी एक धार आहे. कुठलीही लाल असो, आधी अर्धा तास फ्रिजमध्ये. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हे ज्यांनी लिहिलं त्यांच्या खोल्या १६-१८ अंशांच्या होत्या. आपल्या खोलीत पंखा चालू ठेवून ३० अंश.

नावडती? लाकडात मुरवलेली, लोण्यासारखी जड शार्दोने. साडेचौदा टक्के मद्यार्काची, जाम खाल्ल्यासारखी शिराझ. आणि हॉटेलांत 'वेलकम ड्रिंक' म्हणून स्पार्कलिंगमध्ये लाल सरबत ओततात ते.

आणि आता अगदी खरं उत्तर. मार्चचा शेवट ते मेचा मध्य या काळात मला वाइन विचारूच नका. तेव्हा उर्राक असतो. बोंडवांचा रस आंबवून भाटीवर पहिल्यांदा उतरतो तो उर्राक. तो पुन्हा चढवला की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाटल्या देखण्या झाल्या, विमानतळावर गेल्या, चांगलंच झालं. पण उर्राक टिकत नाही, म्हणून कुठे जातही नाही. मोठा पेला, बर्फ, लिमका, चिरलेली हिरवी मिरची, मीठ, वर लिंबू. हलका, थंड, आंबट. तीस वर्षं जगभरच्या वाइन चाखून मी जे शोधत आलो तेच आजोबांच्या भाटीवर होतं, असं बायको म्हणते. मला ते पूर्ण मान्य नाही, पण वाद घालायला उर्राक उतरायच्या दिवसांत वेळ नसतो.

किती पितो, हेही विचारलं असतंत. कामावर दिवसाला वीस-तीस वाइन तोंडात जातात आणि सगळ्या थुंकतो. थुंकता न येणारा माणूस या धंद्यात दहा वर्षं टिकलेला मी पाहिला नाही. घरी दोन ग्लास, तेही जेवताना. गाडी चालवायची असेल तर एकही नाही, डिचोली-पणजी रस्त्यावर मी पुरेशी पांढरी चादर पाहिली आहे.

तर तुमचा डिसेंबर. माणसं किती? चौघं-पाच जण असतील तर एक शॅम्पेन आणि एक नाशिकची ब्रूट. एका बाटलीत ७५० मिलिलिटर, म्हणजे सहा जेमतेम ग्लास. आधी नाशिकची उघडा, जीभ तयार होते, मग शॅम्पेन. उलट केलंत तर नाशिकच्या बाटलीवर अन्याय. केकबरोबर ब्रूट उघडू नका. केकच्या गोडापुढे ती खरंच आंबटढाण लागेल आणि पंचवीस वर्षांत जे झालं नाही ते भांडण होईल. बरोबर रव्यात घोळवून तळलेली सुंगटां, म्हणजे कोळंबी, ठेवा, किंवा मुडदुशी. तळणीचं तेल आणि बुडबुडे यांच्यासारखी जोडी नाही. मासे चालत नसतील तर कापां, म्हणजे नीरफणसाची किंवा सुरणाची. केकच्या वेळी तुमची लाडकी पोर्ट काढा.

बादलीत नुसता बर्फ भरला तर बाटलीला तो जागोजागीच लागतो. बर्फ, तेवढंच पाणी आणि मूठभर मीठ. वीस-पंचवीस मिनिटांत थंड. लांबोळके उभे पेले नसतील तर साधे वाइनचे चालतील, मला तेच बरे वाटतात, वासाला जागा मिळते. पेले आदल्या दिवशी साबणाशिवाय गरम पाण्याने धुवा, साबणाचा अंश राहिला की बुडबुडे बसतात.

मुलाला सांगा, बूच छताला मारायचं नाही. वरची चांदी काढायची, तारेची कडी सहा अर्ध्या वळशांत सुटते, पण तार सुटल्यापासून अंगठा बुचावरून हलता कामा नये. बाटली थोडी तिरकी, तोंड माणसांपासून दूर. एका हाताने बूच घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने बाटली खालून फिरवायची. बूच आपणहून वर येऊ लागतं. त्याला सोडायचं नाही, उलट दाबून धरायचं. आवाज ठो असा न येता सुस्काऱ्यासारखा आला तर पोराला जमलं म्हणा.

पहिला घोट घेऊन तुमचं तोंड वाकडं होईल. होऊ द्या. लगेच एक सुंगट खा आणि दुसरा घोट घ्या. उरलीच तर बाटलीच्या तोंडात चमचा खोचून ठेवायचा प्रकार करू नका, त्याने काही होत नाही. घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिण्याजोगी असते. त्यानंतर तिसऱ्यांच्या सुक्यात पाण्याऐवजी घाला आणि सोलं नेहमीपेक्षा दोन कमी टाका.